आधी पुरावा, मग कहाणी : एका मानसोपचार पद्धतीचा इतिहास

आपल्याकडे ‘डीबीटी’ म्हटले की बँकेच्या खात्यात थेट जमा होणारे अनुदान आठवते. मानसोपचाराच्या क्षेत्रात मात्र या तीन अक्षरांचा अर्थ अगदी वेगळा आहे : डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी. मराठीत तिला द्वंद्वात्मक वर्तनोपचार म्हणता येईल. भावनांचा लोंढा आवरत नाही, त्या भरात स्वतःला इजा करून घेतली जाते, पुन्हा पुन्हा मरणाच्या उंबरठ्यापर्यंत जाणे होते, अशा माणसांसाठी ही पद्धत अमेरिकेत, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८०च्या दशकात आकाराला आली. तिच्या कर्त्या मार्शा लिनेहन.

या पद्धतीविषयी हल्ली जे बोलले किंवा लिहिले जाते, त्याची सुरुवात बहुधा लिनेहन यांच्या स्वतःच्या आजारपणाच्या कहाणीने होते. कहाणी विलक्षण आहे, यात शंका नाही. पण इतिहासाचा क्रम उलटा आहे. उपचाराचा पहिला मोठा पुरावा प्रसिद्ध झाला १९९१ साली. कहाणी जगाला कळली २०११ साली. मधली वीस वर्षे ही पद्धत तिच्या कर्तीची जखम ठाऊक नसलेल्या लोकांनी तपासली, तिच्यावर शंका घेतली, आणि वापरली. या क्रमाला अर्थ आहे असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही, उपचारकही नाही. मनाच्या आजारांवरील उपचारांचा इतिहास हा गेली काही वर्षे माझ्या वाचनाचा विषय आहे. तेव्हा पुढील मजकूर वैद्यकीय सल्ला म्हणून नव्हे, इतिहासाचे टिपण म्हणून वाचावा.

दोन अपयशे

मराठी वाचकाला अल्बर्ट एलिस हे नाव परके नाही. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे सुशिक्षित घरांपर्यंत पोहोचली. भावना घटनेमुळे निर्माण होत नाहीत, घटनेविषयीच्या आपल्या समजुतींमुळे होतात. समजूत बदला, भावना बदलेल, हे तिचे सूत्र. एलिस यांच्यानंतर एरन बेक आले. दुसरीकडे, वर्तन हे शिकलेले असते आणि म्हणून ते नव्याने शिकवता येते, असे मानणारे वर्तनोपचारक होते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील तरुण मानसशास्त्रज्ञांचा या सगळ्यावर मोठा विश्वास होता. सूर एकच होता : बदल.

लिनेहन यांनी १९७१ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. त्यानंतर बफेलो येथील आत्महत्या प्रतिबंधक केंद्रात आणि पुढे स्टोनी ब्रूक विद्यापीठात वर्तनोपचाराचे शिक्षण घेऊन त्या १९७७ मध्ये सिएटलला आल्या. तेथे त्यांनी मुद्दाम सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या रुग्णांना बोलावले. वारंवार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या, अनेक दवाखाने आणि उपचारक करून झालेल्या स्त्रिया त्यांच्याकडे येऊ लागल्या. वर्तनोपचाराने या स्त्रिया बऱ्या होतील, असा त्यांचा अंदाज होता.

तसे झाले नाही. ‘हे बदल, ते बदल’ असे उपचारक सांगू लागला की रुग्णेला वाटे, म्हणजे चूक माझीच. आयुष्यभर हेच ऐकत आलेल्या बाई उठून जात, संतापत, किंवा गप्प होत. हे पहिले अपयश. मग त्यांनी बदलाचा आग्रह सोडला आणि केवळ समजून घेण्यावर भर दिला. ‘तुझे दुःख खरे आहे, कुणालाही असेच वाटले असते.’ यावर रुग्णांचा प्रश्न येई, ‘माझे आयुष्य नरक झाले आहे आणि तुम्ही ते बदलायला मदतच करणार नाही का?’ हे दुसरे अपयश.

या दोन अपयशांमधून जी वाट निघाली तीच ही पद्धत. उपचारकाने एकाच बैठकीत, कधी एकाच वाक्यात, दोन्ही गोष्टी धरून ठेवायच्या. तू जशी आहेस तशी समजण्यासारखी आहेस, आणि तुला बदलायचे आहे. या दोहोंमध्ये ‘आणि’ हवा, ‘पण’ नव्हे. ‘पण’ आला की आधीचे वाक्य पुसले जाते, हे आपण रोजच्या बोलण्यातही अनुभवतो.

पद्धतीच्या नावाची हकिकत मोठी गमतीची आहे. लिनेहन यांच्या कार्यालयातील सहायक बाईंचे पती मार्क्सच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. तुमची उपचारपद्धती द्वंद्वात्मक आहे, असे त्या बाईंनी त्यांना सांगितले. लिनेहन यांना तो शब्द नवा होता; त्यांनी शोध घेतला आणि तो स्वीकारला. आपल्याकडे ज्यांची तरुण वये डाव्या चळवळीच्या पुस्तिका वाचण्यात गेली, त्यांना द्वंद्वात्मक भौतिकवाद हा शब्द परिचयाचा आहे. वाद, प्रतिवाद आणि त्यांच्या संघर्षातून उभे राहणारे नवे काही, हा हेगेलपासूनचा सांगाडा. तो समाजाच्या इतिहासावरून उचलून एका स्त्रीच्या मनःस्थितीला लावला जावा, याची कल्पना मार्क्सलाही आली नसती.

ध्यान, चान, झेन

बदलाचे तंत्र वर्तनवादाकडे तयार होते. स्वीकाराचे तंत्र कुठून आणायचे, हा प्रश्न होता. लिनेहन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. पण त्यासाठी त्या कॅलिफोर्नियातील शास्ता मठात जियू केनेट या मूळच्या इंग्रज महिला झेन गुरूंकडे गेल्या, आणि नंतर जर्मनीत विलिगिस येगर यांच्याकडे. येगर हे बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू आणि त्याच वेळी झेन गुरूही होते.

झेन हा शब्द आपल्याच घरातून गेलेला आहे. संस्कृत ‘ध्यान’, पालीत ‘झान’, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’. पण यावरून ‘हे सारे आपल्याकडे आधीच होते’ अशी टाळी घेण्यात अर्थ नाही. लिनेहन यांनी जे केले ते परंपरेत नव्हते. आपल्या रुग्णांना तासभर डोळे मिटून बसणे शक्य नाही, डोळे मिटले की त्यांना भीतीच घेरते, हे त्यांनी पाहिले. म्हणून ध्यानाचे त्यांनी लहान लहान तुकडे केले. पाहा. जे दिसते त्याला शब्द द्या. त्यात सहभागी व्हा. आणि हे करताना बरे-वाईट ठरवू नका, एका वेळी एकच गोष्ट करा, जे उपयोगी पडते ते करा. भांडी घासताना हाताला लागणारे पाणी जाणणे, हाही धडा झाला. त्यात कुठलाही देव, गुरू किंवा पंथ ठेवला नाही. साधारण याच काळात, १९७९ पासून, मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबात-झिन दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी असेच काम करत होते. सजगता हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो त्याचे मूळ या दोन प्रवाहांत आहे.

पद्धत चालते कशी

द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे चार भाग असतात. आठवड्यातून एकदा उपचारकाबरोबर एकट्याची बैठक. आठवड्यातून एकदा गटात बसून कौशल्यांचा वर्ग. हा खरोखरच वर्ग असतो, गृहपाठासह. दोन बैठकींच्या मधे अडचण आली तर उपचारकाला फोन. आणि चौथा भाग म्हणजे उपचारकांची आपापसातली साप्ताहिक बैठक.

वर्गात चार विषय शिकवतात : सजगता, यातनेच्या क्षणी परिस्थिती अधिक न बिघडवता तग धरणे, भावनांचे नियमन, आणि नात्यांमध्ये स्वतःचा मान राखून मागणे किंवा नाकारणे. यातील काही गोष्टी अगदी शारीरिक आहेत. भावना शिगेला पोहोचली की थंडगार पाण्यात चेहरा बुडवायचा. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाची गती मंदावण्याची जी नैसर्गिक प्रतिक्रिया शरीरात असते, तिचा हा उपयोग. (हृदयविकार असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच करायचा.) दुसरे कौशल्य विरुद्ध कृतीचे. भावना परिस्थितीला धरून नसेल तर ती जे करायला सांगते त्याच्या उलट करायचे. भीती पळ म्हणते, तर जवळ जायचे. राग चालून जा म्हणतो, तर हळूच बाजूला व्हायचे. नैराश्य अंथरुणात खेचते, तर उठून अंघोळ करायची. भावना परिस्थितीला धरून असेल तर मात्र परिस्थितीच बदलायची. खरोखर मारणाऱ्या नवऱ्याची भीती ही कौशल्याने घालवण्याची गोष्ट नव्हे.

एकट्याच्या बैठकीत रुग्ण रोजची नोंदवही घेऊन येतो. त्यात स्वतःला इजा करण्याची इच्छा किती तीव्र होती, कोणती कौशल्ये वापरली, हे आकड्यांत लिहिलेले असते. कुठला विषय आधी घ्यायचा याचा क्रम ठरलेला आहे : जिवाला धोका सर्वांत आधी, मग उपचारातच येणारे अडथळे, आणि मग बाकीचे आयुष्य. काही घडले असेल तर त्या प्रसंगाची साखळी उलगडायची. सकाळी झोप झाली नव्हती, अकराला आईचा फोन आला, ती अमुक बोलली, छातीत कळ आली, ‘आता पुरे’ असा विचार आला. प्रत्येक कडी समोर ठेवायची आणि कोणत्या कडीवर वेगळे काही करता आले असते ते शोधायचे. पंचनामा करावा तसा, पण आरोपी न ठरवता.

फोनचा नियम विशेष आहे. स्वतःला इजा करण्याआधी फोन केला तर उपचारक मदत करतो. केल्यानंतर चोवीस तास तो फोनवर बोलत नाही. (जिवाला धोका असेल तर अर्थातच तातडीची मदत होते.) वरवर हे कठोर वाटते. पण नेहमीच्या जगात नेमके उलटे घडते. माणूस शब्दांनी सांगतो तेव्हा कुणी ऐकत नाही, आणि त्याने काही करून घेतले की सारे घर गोळा होते. शब्दांना उत्तर मिळते, हे इथे शिकवायचे असते.

या सर्वांच्या मुळाशी लिनेहन यांची एक मांडणी आहे. काही माणसे जन्मतःच भावनांच्या बाबतीत अधिक हळवी असतात. त्यांची भावना लवकर पेटते, उंच जाते आणि उशिरा शमते. एवढ्याने आजार होत नाही. पण अशा मुलाला जर ‘एवढे काय त्यात?’, ‘रडण्यासारखे काय झाले?’, ‘नाटके पुरे’ असेच सतत ऐकावे लागले, तर ते स्वतःच्या भावनेवर विश्वास ठेवायला आणि तिला नाव द्यायला शिकत नाही. मग भावना पोहोचवण्यासाठी त्याला आवाज वाढवावा लागतो. मध्यमवर्गीय मराठी घरात वाढलेल्या कुणाला ही वाक्ये अपरिचित असतील असे वाटत नाही. ती बोलणारे दुष्ट नसतात. बहुधा त्यांनाही तेच ऐकायला मिळालेले असते.

शिक्का आणि त्यावरचा हरकतीचा मुद्दा

लिनेहन यांच्या बहुतेक रुग्णांना ‘बॉर्डरलाइन’ हे निदान लागू पडत होते. संशोधनासाठी सरकारी निधी हवा तर एखादे निदान दाखवणे भाग होते, म्हणूनही ते नाव पुढे आले. हा शब्द १९३८ साली अडॉल्फ स्टर्न यांनी मनोविश्लेषणाच्या संदर्भात रूढ केला. मज्जाविकृती आणि चित्तभ्रम यांच्या सीमेवरचे रुग्ण, असा त्याचा मूळ अर्थ. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत व्यक्तिमत्त्व विकार म्हणून तो दाखल झाला. दवाखान्यांत मात्र त्याचा व्यवहारातला अर्थ वेगळाच होता : त्रासदायक, लक्ष वेधून घेणारी, सर्वांना आपल्या तालावर नाचवणारी बाई.

लिनेहन यांचा १९९३ सालचा ग्रंथ या समजुतीवर नेमके बोट ठेवतो. कुणाच्या वागण्यामुळे मला नाचवल्यासारखे वाटले, यावरून तिचा हेतू मला नाचवण्याचाच होता, असा निष्कर्ष निघत नाही. परिणामावरून हेतू ठरवता येत नाही. आणि जिला खरोखरच लोकांना तालावर नाचवता येते, तिचे हे डावपेच कुणाच्या लक्षातही येत नाहीत. या स्त्रियांना ते जमत नाही म्हणून तर त्या पकडल्या जातात. याच ग्रंथात काही गृहीतके दिलेली आहेत. रुग्ण आत्ता जमेल तेवढे सर्व करतो आहे. तरीही त्याला याहून अधिक करावे लागणार आहे. त्याच्या सर्व अडचणी त्याने निर्माण केलेल्या नाहीत, तरी त्या सोडवाव्या त्यालाच लागतील. आणि उपचार फसला तर रुग्ण नापास झाला असे म्हणायचे नाही. उपचारकांच्या साप्ताहिक बैठकीचे प्रयोजन इथे कळते. थकलेला उपचारक रुग्णावर मनातल्या मनात शिक्का मारू लागतो. त्याला सहकाऱ्यांनी सावरायचे असते.

पुरावा

१९९१ साली लिनेहन आणि सहकाऱ्यांचा निबंध अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात आला. ४४ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर ही पद्धत आणि निम्म्यांना उपलब्ध नेहमीचे उपचार. नव्या पद्धतीच्या गटात स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी आणि कमी गंभीर झाले, उपचार अर्धवट सोडणाऱ्या कमी निघाल्या, आणि मनोरुग्णालयात काढलेले दिवस वर्षाला सरासरी सुमारे साडेआठ भरले. दुसऱ्या गटात ते सुमारे ३९ होते.

पण त्या निबंधातील सर्वांत बोलकी नोंद वेगळीच आहे. नैराश्य, हताशा, आत्महत्येचे विचार यांच्या मापनात दोन्ही गटांमध्ये फरक नव्हता. दोन्हीकडे ते सारखेच उतरले. म्हणजे या स्त्रियांचे दुःख दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले नव्हते. त्या दुःखासह, स्वतःला न दुखावता, दिवस पार करायला त्या शिकल्या होत्या. मन सुधारले की वागणे सुधारेल, असे आपण समजतो. इथे वागणे आधी बदलले.

टीका झाली, आणि ती रास्त होती. प्रयोग लहान, स्त्रियांपुरता, आणि पद्धत जिने शोधली तिनेच केलेला. शिवाय तुलना कोणत्याही उपचाराशी होती, चांगल्या उपचाराशी नव्हे. पुढची पंधरा-वीस वर्षे या हरकतींची उत्तरे शोधण्यात गेली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये ५८ स्त्रियांवर प्रयोग झाला आणि इजा कमी होते हे तिथेही दिसले. २००६ साली लिनेहन यांनी १०१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी दुसऱ्या गटावर त्या भागातील नावाजलेले तज्ज्ञ उपचार करत होते. दोन वर्षांत त्या गटातील सुमारे ४७ टक्के स्त्रियांनी आत्महत्येचा प्रयत्न केला; या पद्धतीच्या गटात २३ टक्के. २००९ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने, वारंवार इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी या पद्धतीचा विचार करावा, अशी शिफारस केली.

त्याच वर्षी टोरांटोतील १८० रुग्णांच्या अभ्यासाने वेगळा निकाल दिला. विचारपूर्वक आखलेल्या सर्वसाधारण मनोविकार उपचारांनीही तितकाच गुण आला. हा निकाल पद्धतीच्या भक्तांना आवडणारा नाही, पण तो नोंदवणे आवश्यक आहे. नेमाने, आखीव पद्धतीने आणि तुच्छता न बाळगता केलेले उपचार गुण देतात. द्वंद्वात्मक वर्तनोपचार हा त्यांतला सर्वांत जास्त तपासलेला एक प्रकार, एवढेच म्हणता येते. २०१५ मध्ये लिनेहन यांनी ९९ स्त्रियांचा अभ्यास करून आपलीच पद्धत सुटी करून पाहिली. आत्महत्येचे प्रयत्न सगळ्याच गटांत कमी झाले. स्वतःला इजा करण्याबाबत मात्र कौशल्यांचा वर्ग असलेले गट सरस ठरले. आपल्याच यंत्राचे भाग सुटे करून कोणता खरोखर चालतो हे पाहणारे संशोधक फार नसतात.

कहाणी

जून २०११ मध्ये लिनेहन कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग या जुन्या मनोरुग्णालयात बोलायला उभ्या राहिल्या, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी जगाला दिली. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या याच रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. स्किझोफ्रेनिया हे निदान, जबर औषधे, विजेचे झटके, एकांत कोठडी. आणि कोठडीतही स्वतःला इजा करणे चालूच. तेथे त्या २६ महिने होत्या. रुग्णालयातील अत्यंत अस्वस्थ रुग्णांपैकी एक, अशी नोंद घेऊन त्या १९६३ मध्ये बाहेर पडल्या. या नरकातून बाहेर पडले तर इतरांना बाहेर काढायला परत येईन, असा शब्द त्यांनी तेव्हा देवाला दिला होता. १९६७ मध्ये शिकागोतील एका प्रार्थनागृहात त्यांना एक उत्कट अनुभव आला आणि स्वतःविषयी प्रेम वाटू लागले, असे त्या सांगतात. ‘आमूलाग्र स्वीकार’ या त्यांच्या संकल्पनेचे बीज त्या अनुभवात आहे.

इतकी वर्षे हे जवळच्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हते. एका रुग्णेने त्यांच्या हातावरचे व्रण पाहून, तुम्हीही आमच्यातल्याच का, असे विचारले. तसे असेल तर आम्हा सगळ्यांना आशा वाटेल, असे ती म्हणाली. बोलण्याचा निर्णय झाला तो त्यातून.

प्रार्थनागृहातला तो क्षण लिनेहन यांनी पुरावा म्हणून कधी पुढे केला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. तो क्षण त्यांना वाचवून गेला. पण तो दुसऱ्याला देता येत नव्हता. म्हणून त्यांनी असे काही शोधले जे शिकवता येते, मोजता येते आणि चुकीचे ठरू शकते. आपल्याकडे अनुभवाचा थेट पंथ होतो. कुणाला काही जाणवले की दुसऱ्या दिवशी शिबिर, तिसऱ्या दिवशी वर्गणी. साक्षात्कार आणि उपचार यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षांचे तपासणीचे काम असते, हे या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे

सिएटलमध्ये पहिला प्रयोग आकार घेत होता त्याच दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचा खटला आला. अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता आणि आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा दाखल होता. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला उपचार हवेत, कोठडी नव्हे, अशी त्या निकालाची भूमिका होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम वैध मानले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हा उरलेला नाही.

कायद्याने शिक्का पुसला. घरांत आणि दवाखान्यांत तो अजून शाबूत आहे. चार भागांची, वर्षभर चालणारी ही पद्धत महाग आहे, तिला प्रशिक्षित चमू लागतो, आणि आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ व मानसोपचारक लोकसंख्येच्या मानाने थोडे आहेत. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे. तो दारापर्यंतचा रस्ता आहे, आतले घर नव्हे.

मात्र या पद्धतीतला एक भाग चमूशिवाय आणि खर्चाशिवाय आजही घेता येतो, आणि तो रुग्णाने शिकायचा नसून भोवतालच्यांनी शिकायचा आहे. ‘नाटके करते’ हे निदान नव्हे, ती ऐकणाऱ्याची दमणूक आहे. दुसऱ्याची वेदना मान्य करणे म्हणजे त्याचे वागणे मान्य करणे नव्हे. ही दोन वाक्ये घरात रुजली तर किती जणांचा आवाज वाढवण्याचा त्रास वाचेल, याची मोजदाद अजून कुणी केलेली नाही. पण करता येण्यासारखी आहे.